तीन टक्के भेसळ

माझी आई धावत्या एसटीच्या खिडकीतून बाजरीच्या शेतातलं परकं ताट, म्हणजे दुसऱ्या वाणाचं झाड, ओळखते. मी शास्त्रज्ञ आहे, मोजल्याशिवाय बोलत नाही. तेव्हा आधीच सांगते की हे मी मोजलेलं आहे. बारावीच्या सुट्टीत जालना ते देऊळगाव राजा अशा एका फेरीत तिने एकोणीस ताटं सांगितली. दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून जाऊन ती शेतं तपासली, तर अठरा बरोबर निघाली. एकोणिसावं मधल्या वेळात बकरीने खाल्लं, असं आईचं आजही म्हणणं आहे.

आईचं नाव कुशावर्ता खरात आणि तिचा धंदा भेसळ काढण्याचा. आमच्या भागात गावोगाव बियाण्याची शेतं असतात. तिथे सगळी ताटं एकाच वाणाची लागतात. चुकून दुसऱ्या वाणाचं एखादं उगवलं, तर त्याचे पराग उडतात आणि बियाणं नासतं. म्हणून तपासणीला साहेब यायच्या आधी बायकांची टोळी ओळीओळीने शेतात शिरते आणि वेगळं दिसेल ते ताट मुळासकट उपटते. कुणाचं बूड जांभळं असतं, कुणाच्या पानावर लव असते, कुणी बोटभर उंच असतं. आई बावीस बायांच्या टोळीची मुकादम. 'कुशाबाईची टोळी येऊन गेली' असं कळलं की साहेब लोक शेतात न उतरता बांधावरच चहा मागवत, इतका तिचा दबदबा.

पुण्यात कॉलेजच्या प्रवेश अर्जावर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी झोकात लिहिलं, 'भेसळ काढणे'. खिडकीतल्या माणसाने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "काढणे की करणे?" अख्खी रांग हसली. मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी मुकाट्याने रेघ मारली आणि 'शेती' लिहिलं. त्या खाडाखोडीची मला अजून लाज वाटते.

आता गोष्ट सांगते ती २०४८च्या पावसाळ्यातली. तोवर उन्हाने आमच्याकडचा गहू उठवला होता. फेब्रुवारीतच अंग भाजायला लागल्यावर गव्हाने दाणा भरायचा कधी? लोक पुन्हा बाजरीकडे वळले, आणि नुसते खेड्यातले नाही, शहरातले पाव आणि बिस्किटंसुद्धा बाजरीची झाली. राज्यात दहा शेतं घेतली तर त्यातल्या आठांत एकच संकरित वाण उभा असे, आमच्या संशोधन संस्थेचा 'कांचन-७'. कांचनला लोक डोक्यावर घेऊन नाचायचे, कारण त्याला गोसावी लागत नसे.

गोसावी हे बाजरीच्या रोगाचं नाव. नाव गमतीचं, काम वाईट. आधी पानं पिवळी पडतात, सकाळी पान उलटून पाहिलं तर खाली पांढरी भुकटी दिसते, आणि पुढे कणसात दाणे भरायच्या जागी हिरव्या पानांच्या जटा सुटतात. जटांवरून हे नाव पडलं. हा गोसावी दिसतो बुरशीसारखा, पण आहे पाणशेवाळांच्या घराण्यातला. ओल्या रात्री त्याचे बीजाणू दवावर स्वार होऊन शेजारच्या पानावर जातात. हंगामाच्या शेवटी त्याच्यातल्या दोन निराळ्या प्रकारांचं मीलन होतं आणि जाड कवचाची पिल्लं मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात.

कांचनला सहा वर्षं तो शिवला नाही. सातव्या वर्षी इथे एक, तिथे दोन असा दिसायला लागला. संस्थेत धावपळ उडाली. मी मात्र गप्प होते, कारण याच प्रश्नावर मी सहा वर्षं डोकं फोडत होते आणि मला उत्तर दिसायला लागलं होतं.

रोग कसा निपजेल हे बरंचसं तो ज्या झाडावर राहतो ते झाड ठरवतं. शास्त्राच्या भाषेत त्या झाडाला यजमान म्हणतात. लाखो एकरांवर एकच यजमान उभा केला, की रोगाच्या कोट्यवधी बीजाणूंतून त्या एका यजमानाचं दार उघडता येणारे तेवढेच जगतात, बाकीचे मरतात. पुढची पिढी सगळी त्यांचीच. रोगातली विविधता आटते आणि उरतो तो एकाच कामात तरबेज झालेला वंश. म्हणजे आपण निवडून निवडून आपलाच शत्रू पैदा करत असतो. उलट शेतात थोडी वेगळी, जुन्या वाणांची झाडं ठेवली, तर रोगाच्या मवाळ वंशालाही राहायला जागा मिळते. मवाळ आणि तरबेज यांचं मीलन होतं, आणि पिल्लांत कांचनचं दार उघडणारी जनुकं विस्कटतात. तरबेज वंश पिढीगणिक पातळ होत जातो. रोग संपत नाही, पण त्याची नांगी मोडते.

किती झाडं ठेवायची हा खरा प्रश्न. जास्त ठेवली तर पीक बुडतं, कमी ठेवली तर तरबेज वंश डोईजड होतो. त्यासाठी मी एक यंत्रणा बांधली. शेतात पाच फूट उंचीच्या खांबांवर डबे बसवलेले. ते हवेतले बीजाणू पकडतात, त्यांची जनुकं वाचतात, आणि संगणक सांगतो की या यजमानांवर हा रोग तीन वर्षांनी कसा असेल. यंत्रणेचं नाव मी 'पाहुणा' ठेवलं. पाहुण्याचं उत्तर होतं, दर पस्तीस ताटांत एक जुन्या वाणाचं. तीन टक्क्यांना थोडं कमी.

आमचे संचालक डॉ. अनिरुद्ध घारपुरे यांना हे पटलं नव्हतं. त्यांच्याकडे 'कांचन-८' तयार होता, नव्या जनुकाचा, आणि त्याच्या शिफारशीवर त्यांना माझी सही हवी होती.

"सर, आठसुद्धा सहा वर्षांत पडेल. मग नऊ आणाल?"

"हो, नऊ आणीन. लोकांना तोवर खायला तर मिळेल. तुझं शेत मुद्दाम आजारी ठेवायचं, हे मी शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?" ते म्हणाले. माणूस सरळ होता, डाव खेळणारा नव्हता. "प्रणाली, तुला तीन हंगाम देतो. तिसऱ्या हंगामात ऐंशीव्या दिवशी तुझ्या शेतातला गोसावी आणायचा आणि कांचनच्या शंभर कोवळ्या रोपांवर सोडायचा. पाचापेक्षा कमी रोपं आजारी पडली तर तुझी पद्धत राज्यभर नेऊ. पाच किंवा जास्त पडली तर आठवर सही करायची आणि हा विषय बंद."

प्रयोगाला मी आमचंच दोन एकर रान घेतलं. कांचन आणि त्यात सहा जुन्या वाणांची मिळून तीन हजार दोनशे ताटं, संगणकाने नेमून दिलेल्या जागी. पहिल्या हंगामात शंभरात एकतीस रोपं आजारी पडली, दुसऱ्यात चौदा. तिसऱ्या हंगामात पाहुण्याचा अंदाज होता चार पूर्णांक आठ. म्हणजे काठावर. एक रोप इकडचं तिकडे झालं तर आठ वर्षांवर पाणी.

तिसऱ्या हंगामात पेरणी होऊन एकोणिसावा दिवस होता. घारपुरे सर सोमवारी शेत बघायला येतो म्हणाले. मी संस्थेत अडकले होते, म्हणून आईला निरोप पाठवला: 'सोमवारी साहेब येणार आहेत. शेताकडे लक्ष ठेव.'

आमच्या गावात 'साहेब येणार' या दोन शब्दांचा पस्तीस वर्षं एकच अर्थ होतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्या घरात वाढले. पण निरोप पाठवताना मी शास्त्रज्ञ होते, कुशाबाईची लेक नव्हते.

शनिवारी दुपारी शेतावर पोहोचले तेव्हा बावीस बाया बांधावर बसून भाकरी खात होत्या. आईने काठापदराचं लुगडं नेसलं होतं. मला बघताच ती हात पुसत उठली.

"ये. बघ कसं आरशावानी केलंय."

मी शेताकडे पाहिलं. दोन एकरांत एकसारखी, एका उंचीची, एका रंगाची कांचन डुलत होती. एकही ताट वेगळं नव्हतं.

"आई, काय केलंस?"

"भेसळ काढली. दोन साल झाले, माह्या डोळ्यात खुपू लागली होती. म्हणलं लेकीचं काम हाय, आपण काहून बोलावं? पण साहेब येणार म्हणल्यावर म्या बायांना हाक मारली. दोन दिस लागले. एकीनं बी मजुरी घेतली नाही बरं का. कुशाबाईच्या लेकीचं शेत म्हणून समद्या आल्या."

माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं पाहिजे. मी म्हणाले, "अडाणी ते अडाणीच! आठ वर्षांची मेहनत मातीत घातलीस."

लंकामावशी म्हणजे आईचा उजवा हात, तिच्या हातातला घास हातातच राहिला. बाकीच्या खाली बघायला लागल्या. आई शांतपणे म्हणाली, "अडाणी तर हावच. पण सांगितलं आसतंस तर अडाण्याला बी कळलं आसतं. तीन साल तू येतीस, खांब रोवतीस, डब्बे लावतीस. इचारलं की म्हणतीस, नंतर सांगते. ते नंतर काही आलंच नाही."

ते खरं होतं. देशोदेशीच्या परिषदांत मी हा विषय तासतास समजावला होता, आणि ज्या बाईच्या रानात प्रयोग उभा होता तिला एकदाही नाही. मला रडू कोसळलं. रागाचं होतं की शरमेचं, ते मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं.

"रडणं मागून रड," आई म्हणाली. "आधी सांग. ही परकी ताटं तुला कशाला पाहिजे होती?"

मी बांधावर बसले आणि सांगितलं. यजमान हा शब्द ऐकून लंकामावशी फिसकन हसली. यजमान तिला पूजेतला माहीत, पाटावर सोवळं नेसून बसणारा. मी म्हटलं, तेच. झाड यजमान, रोग पाहुणा. एकाच घरी राहून राहून पाहुणा त्या घराच्या खाणाखुणा शिकतो आणि मालक होऊन बसतो. घरं वेगवेगळी असली तर त्याला कुठल्याच घराची पुरती माहिती होत नाही. पोरंबाळंसुद्धा सरमिसळ होतात.

आईने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हंजी गरीब गोसाव्याला जागा द्यायची, म्हंजी दांडगा गोसावी माजत नाही."

माझ्या प्रबंधाची तीनशे पानं तिने एका वाक्यात बसवली. मी मान हलवली.

"किती ताटं होती तुही?"

"तीन हजार दोनशे."

"तीन हजार एकशे एक्क्याण्णव उपटली आम्ही. नऊ हुकली की काय!" तिच्या चेहऱ्यावर खरोखर खंत दिसली, आणि एवढ्या रडण्यातही मला हसू आलं. मग ती बायांकडे वळली. "लंके, पेंढ्या कुठं हायेत?"

"पाटाच्या पाण्यात. उद्या शेरडांना टाकू म्हणलं, वाळायला नको."

उपटलेली ताटं मुळासकट पाटाच्या पाण्यात उभी होती! एकवीस दिवसांची बाजरी मुळं ओली असली तर पुन्हा धरते. आमच्याकडे उगवण विरळ झाली की पावसाळी हवेत दाट जागची रोपं काढून रिकाम्या जागी लावतात. त्याला नांग्या भरणं म्हणतात.

"नांग्या भरू," आई म्हणाली. "आभाळ भरलेलं हाय. उद्याच्या दिसात व्हतंय."

पण सहा वाणांच्या पेंढ्या एकत्र झालेल्या होत्या आणि कोणतं रोप कोणतं, हे मला पाच-पाच मिनिटं भिंगातून बघूनच सांगता आलं असतं. बाया पाटाशी बसल्या आणि बोलता बोलता सहा ढीग घातले. मी शंभर रोपांच्या पानांचे तुकडे जनुकं वाचणाऱ्या डब्यात घालून तपासले. एक रोप चुकीच्या ढिगात होतं. ते लंकामावशीचं निघालं आणि तिला पुढे महिनाभर त्यावरून चिडवलं गेलं.

खरी खडाजंगी पुढे झाली. मी टॅबलेटवर नकाशा उघडला. प्रत्येक रोपाची जागा संगणकाने नेमलेली, सगळ्या शेतभर सारख्या अंतरावर. आईने नकाशा बघितला आणि मान हलवली.

"अशी नाही लावायची."

"आई, हे गणिताने काढलंय."

"आसंल. पण गोसावी समद्या रानात सारखा येतो का? तो पयला येतो तिकडं, बाभळीच्या अंगाला. तिथं उन्ह उशिरा पोचतं, दव दहा वाजेलोक पानावर ऱ्हातं. मग त्या खोलगटात. मग पाटाच्या कडंला. पस्तीस साल बघते म्या. ह्या टेकाडावर गोसावी कंदीच येत नाही, तिथं तुव्हा गरीब पाहुणा बसवून काय त्याची पूजा घालायची? दांडगा जिथं ऱ्हातो तिथंच गरिबाला बसव. त्यांची गाठ पडायला पाहिजे म्हणतीस ना?"

माझे डबे पाच फुटांवर वाऱ्यात होते. वाऱ्यातले बीजाणू ते मोजत. पानावर दव किती वेळ टिकतं याची नोंद माझ्याकडे कुठेच नव्हती. मला ती सुचलीच नव्हती. आईने दाखवलेल्या जागा मी 'पाहुणा' यंत्रणेत भरल्या आणि नवा अंदाज मागितला. बराच वेळ चाक फिरत राहिलं आणि उत्तर आलं: 'माहिती अपुरी'.

एका बाजूला चार पूर्णांक आठ हा पडताळलेला आकडा होता, घारपुरे सरांकडे नोंदवलेला नकाशा होता. दुसऱ्या बाजूला माझी आई होती. नकाशाप्रमाणे रोपं लावली असती तर हरल्यावरही मला कुणी बोल लावला नसता. मी आईकडे पाहिलं. ती मुळांवरची माती बोटाने सारखी करत होती, माझ्या उत्तराची वाट न बघता, कारण तिला शंका नव्हती.

"तू सांगशील तिथे लावू," मी म्हणाले, आणि टॅबलेट पिशवीत टाकला.

रविवारी दिवसभर झिमझिम होती. बावीस बाया आणि तेविसावी मी. आई पुढे चालत काठी टेकवायची, काठी टेकली तिथे रोप बसायचं. बाभळीच्या अंगाला दर दहा ताटांत एक, खोलगटात दर पंधरात एक, आणि टेकाडावर काहीच नाही. एकूण तेवढीच, तीन टक्क्यांच्या आत. दिवसभरात मी सत्तर रोपं लावली आणि माझी कंबर गेली. आईने तीनशे लावून वर माझ्यासाठी पिठलं टाकलं.

सोमवारी घारपुरे सर आले. उतरल्या उतरल्या त्यांच्या लक्षात आलं की शेत नकाशाप्रमाणे नाही. मी काहीही न लपवता घडलं ते सांगितलं. निरोप माझा, चूक माझी, नवी मांडणी आईची, तिला होकार माझा.

"म्हणजे प्रयोग नोंदवल्याप्रमाणे राहिला नाही," सर म्हणाले.

"नाही."

"मी आत्ता रद्द करू शकतो, प्रणाली."

आई पुढे झाली. "साहेब, पस्तीस साल तुमच्यासारखे साहेब म्या तयार केलेल्या रानावर सही करून गेले. एकानं बी वाकून बघितलं नाही. तुम्ही वाका. मग रद्द करा."

घारपुरे सर वाकले. बाभळीखाली गुडघ्यावर बसून त्यांनी पानं उलटून पाहिली. सकाळचे साडेनऊ वाजले होते, टेकाड कोरडं होतं आणि इथे पानांवर अजून थेंब होते. उठल्यावर पँट झटकत म्हणाले, "कुशावर्ताबाई, दव पानावर किती वाजेपर्यंत राहतं हे रोज लिहून ठेवाल का?"

"लिवायला लंकीची सून हाय. म्या सांगते."

"ऐंशीव्या दिवशी बघू," सर माझ्याकडे न बघताच म्हणाले आणि गाडीत बसले.

रोपं धरली, दहातली नऊ. श्रावण गेला, कणसं बाहेर पडली. शेतात गोसावी होता, जुन्या वाणांवर जटा दिसत होत्या, अधूनमधून एखाद्या कांचनवरही. बाया येता-जाता त्यांच्याकडे बघायच्या आणि हात पाठीमागे बांधून घ्यायच्या. उपटायची सवय इतकी खोल होती की लंकामावशीने चक्क पदराची गाठ मारून घेतली होती, आठवण राहावी म्हणून.

ऐंशीव्या दिवशी आमच्या शेतातले बीजाणू प्रयोगशाळेत गेले. कांचनच्या शंभर रोपांवर ते सोडले. तुलनेसाठी शेजारच्या शुद्ध कांचनच्या शेतातलेही घेतले आणि दुसऱ्या शंभरांवर सोडले. दहा दिवसांनी मोजणी. आईला मी घेऊन गेले. ती पहिल्यांदाच माझी प्रयोगशाळा बघत होती. दारात चप्पल काढली, ती घालायला लावताना पाच मिनिटं गेली.

शुद्ध शेताच्या ट्रेमध्ये सेहेचाळीस रोपं पांढरी पडली होती. मग आमचा ट्रे. तंत्रज्ञाने रांगेने पानं उलटली आणि आकडा सांगितला, "दोन."

खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. घारपुरे सरांनी चष्मा काढला. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "दोन नाही. तीन हायेत."

सगळे वळले. आई ट्रेपासून चार हातांवर उभी होती. तिने बोट केलं. "त्या तिसऱ्या ओळीतलं. रंग उतरलाय."

"आई," मी दात-ओठ खात कुजबुजले.

"तू काहून डोळे वटारतीस? हाय ते हाय."

तंत्रज्ञाने ते रोप भिंगाखाली धरलं. पानाच्या बेचक्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता. तो अजून वाढला नव्हता, पण होता. तिसरं रोप आजारी होतं. आपल्याच विरुद्धचा पुरावा आपल्याच हाताने मांडणारी ती बाई माझी आई आहे, या विचाराने माझा ऊर भरून आला. इतका अभिमान मला माझ्या एकाही शोधनिबंधाचा वाटलेला नाही.

घारपुरे सरांनी वहीत 'तीन' लिहिलं आणि खाली सही केली. मग म्हणाले, "दोन असते तर मांडणी बदलल्याची शंका मनात राहिली असती आणि मी आणखी एक हंगाम मागितला असता. तीन आहेत, आणि हे तीन मला यांनी सांगितलेत. कांचन-८ कपाटात ठेवतो. प्रणाली, राज्यभर मांडणी शिकवायला माणसं लागतील. तुझ्याकडे किती आहेत?"

"बावीस," मी म्हणाले.

बावीस जणींनी त्या हिवाळ्यात पाचशे जणींना शिकवलं, पाचशेंनी पुढे किती जणींना, ते मी मोजायचं सोडून दिलं. कामाला सरकारी नाव मोठं लांबलचक ठरलं होतं. आईने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पयले भेसळ काढायचो, आता भेसळ लावतो. त्यात एवढं कशाला?" मग कागदोपत्रीसुद्धा तेच नाव रूढ झालं. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेच्या अर्जावर 'आजीचा व्यवसाय' असा काही रकाना नव्हता. मी समासात लिहून आले: 'भेसळ लावणे'. बाईंनी विचारलं तेव्हा रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

परवाची गोष्ट सांगून थांबते. आईला घेऊन मी धुळ्याकडे निघाले होते. या बाजूला तिची टोळी कधी आलेली नाही, आम्हाला ओळखणारं कुणी नाही. दुतर्फा बाजरी. आई खिडकीतून बघत होती आणि एकदम म्हणाली, "गाडी थांबव."

मला वाटलं पाय मोकळे करायचे असतील. ती उतरली ती तडक कुणा परक्याच्या शेतात. मी मागोमाग पळाले. आत दहा-बारा पावलांवर जांभळ्या बुडाचं एक ताट होतं, कांचनच्या गर्दीत एकटं. आईचा हात त्याच्या बुडाशी गेला. पस्तीस वर्षांची सवय. मी ओरडणारच होते.

तिने बुडाजवळची माती चाचपली, मग मान वर करून भोवती पाहिलं. जमीन तिथे किंचित खोल होती. पूर्वेला कडुनिंब होता. नऊ वाजून गेले होते तरी पानांवर दव होतं.

"आपल्यातल्याच कुण्या बाईनं लावलंय," ती म्हणाली आणि त्या ताटाला थोडी माती चढवून हात झटकत गाडीकडे निघाली.